माळव्याची अफू आणि कॅंटनचा तंटा

पदवी वर्गाच्या इतिहासाच्या पुस्तकांत पहिल्या अफू युद्धाला साधारण दीड-दोन पाने मिळतात. त्यांत लिन झ-श्यू हा करारी चिनी अधिकारी येतो, १८३९ साली नष्ट केलेल्या वीस हजारांवर पेट्या येतात, इंग्रजांची आरमारी जहाजे येतात आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहाने प्रकरण संपते. विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते एवढेच, की ब्रिटनला व्यापार खुला हवा होता आणि चीन आपली दारे उघडायला तयार नव्हता. या हकिकतीत हिंदुस्थान म्हणजे अफू जिथून येत होती ती जागा. ती कोणी पिकवली, कोणी विकत घेतली, कोणाच्या नाक्यावर तिची जकात भरली गेली आणि कंपनी सरकारने ती अडवण्याचा आटापिटा आधी का केला व मग का सोडून दिला, या प्रश्नांकडे बहुतेक पुस्तके वळत नाहीत. त्यांची उत्तरे उज्जैन, मंदसौर, रतलाम आणि इंदूर या गावांत, म्हणजे शिंदे-होळकरांच्या मराठी कारभाराच्या मुलखात आहेत. ती पाहिली, तर दोन मोठ्या साम्राज्यांमधील हा व्यापारी तंटा बराच वेगळा दिसू लागतो.

मुळात तंटा चहाचा होता. अर्थेतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार १८२० च्या सुमारास जगाच्या एकूण उत्पन्नापैकी जवळजवळ एक तृतीयांश उत्पन्न एकट्या चीनचे होते. अशा देशाला युरोपचा माल फारसा लागत नव्हता. इंग्लंडला मात्र चहा हवा होता. १७८४ साली ब्रिटिश पार्लमेंटने चहावरील जबर कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि खप एकदम वाढला. पुढे हाच कर पुन्हा चढत चढत शंभर टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे लंडनच्या खजिन्याचा एक मोठा आधार चिनी चहावर उभा होता. हा चहा कॅंटन या एकाच बंदरात, सरकारमान्य हाँग व्यापाऱ्यांकडून, मुख्यतः चांदी मोजून घ्यावा लागे. चांदी आणायची कुठून, हा ईस्ट इंडिया कंपनीपुढचा पेच होता.

त्यावर कंपनीने काढलेली तोड साधी आणि धूर्त होती. १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जच्या काळात बंगाल-बिहारची अफू कंपनीच्या मक्त्यात आली. कंपनी शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देऊन ठरवलेल्या भावाने चीक घेई, पाटणा आणि गाझीपूर येथे माल तयार करी आणि कलकत्त्यात लिलावाने विकी. पुढची वाहतूक खासगी जहाजवाल्यांची. चीनमध्ये अफूच्या विक्रीवर १७२९ सालापासून बंदीची फर्माने निघत होती, म्हणून कंपनीने आपल्या चहाच्या जहाजांवर अफू चढवली नाही. खासगी व्यापारी ती चोरून विकत, मिळालेली चांदी कॅंटनमधील कंपनीच्या तिजोरीत भरत आणि लंडन किंवा कलकत्त्यावरच्या हुंड्या घेत. त्याच चांदीने कंपनी चहा विकत घेई. कागदोपत्री कंपनीचे हात स्वच्छ राहत. हुंडीच्या व्यवहाराची सवय असलेल्या आपल्याकडच्या कोणाही सराफाला ही युक्ती समजावून सांगावी लागली नसती.

या यंत्रणेची एक अट होती. माल कमी आणि भाव चढा राहिला पाहिजे. मक्तेदाराचा नफा टंचाईवर चालतो. ती टंचाई मोडली माळव्याने.

माळव्याच्या काळ्या जमिनीत खसखशीचे पीक जुने आहे. हिवाळ्याच्या अखेरीस बोंडांना चिरा पाडायच्या, दुसऱ्या दिवशी पाझरलेला चीक खरवडून घ्यायचा, तो वाळू नये म्हणून जवसाच्या तेलात ठेवायचा, पुढे तेल निथळून गेल्यावर तांब्याच्या भांड्यांत मळून त्याच्या वड्या वळायच्या, अशी इथली रीत होती. बंगालमध्ये हे सारे सरकारी देखरेखीखाली होई, माळव्यात सावकार आणि व्यापारी यांच्या पैशावर. शेतकऱ्याला तगाई गावचा सावकार देई, सावकाराला शहरातील पेढी, आणि पेढीच्या हुंड्या मुंबई-अहमदाबादेवर फिरत. संस्थानिकांनाही हे पीक सोयीचे होते. अफूच्या जमिनीचा सारा इतर पिकांपेक्षा चढा असे, आणि माल हलला की जागोजागच्या नाक्यांवर जकात मिळे. ('जकात' हा धर्माने सांगितलेल्या दानाचा शब्द मराठी दफ्तरात नाक्यावरच्या करासाठी रूढ झाला, ही शब्दांची गंमत भाषेच्या अभ्यासकांनी जरूर नोंदवावी. 'अफू'चा प्रवासही असाच आहे. ग्रीक 'ओपिऑन', अरबी 'अफ्यून', आपली 'अफीम' आणि 'अफू', तसेच चिनी 'यापिएन' ही सगळी एकाच कुळातली नावे. माल ज्या वाटांनी गेला त्याच वाटांनी शब्दही गेले.)

मुंबई आणि गुजरातच्या बंदरांतून माळव्याचा माल चीनकडे जातो आहे, ही गोष्ट १८०३ च्या सुमारास गव्हर्नर जनरल वेलस्लीच्या ध्यानात आली. १८०५ साली कंपनीच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून या अफूच्या निर्यातीला बंदी झाली. पण माळवा कंपनीचा नव्हता आणि सारा किनाराही कंपनीचा नव्हता. दमण, दीव आणि गोवा पोर्तुगीजांकडे होते, आणि चीनच्या दारातले मकावही पोर्तुगीजांकडेच होते. बंदीचा परिणाम एवढाच झाला, की माल दमणकडे वळला.

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला. होळकरांच्या वतीने कारभार पाहणारे तात्या जोग, म्हणजे इंदूरच्या किबे घराण्यातील विठ्ठल महादेव, हे स्वतः सावकारी परंपरेतले होते. याच तहाने गफूर खानाच्या जहागिरीला मान्यता मिळून जावरा संस्थान उभे राहिले, आणि त्याच्या हद्दीतही अफूची लागवड होती. राजकीय वर्चस्व हाती आल्यावर आता माळव्याची अफूही मुठीत येईल, असा कलकत्त्याचा हिशेब होता. तो चुकला. कंपनीचा इतका स्वच्छ पराभव, तोही लढाई न होता, त्या काळात क्वचितच झाला असेल.

कंपनीने प्रथम बाजारात उतरून माल विकत घ्यायला सुरुवात केली. सगळी अफू आपणच घ्यायची आणि मोजकीच चीनला जाऊ द्यायची, असा बेत होता. एवढा मोठा गिऱ्हाईक आल्याचे पाहून भाव चढले, चढलेल्या भावाने लागवड वाढली आणि कंपनीने जितके घेतले त्याहून अधिक मागे उरले. मग १८२४ ते १८२६ या काळात होळकर, उदयपूर आणि इतर अनेक संस्थानांशी करार झाले. लागवड मर्यादित ठेवावी, माल फक्त कंपनीच्या एजंटाला द्यावा, परवान्याशिवाय चाललेला माल पकडावा, त्याबदली संस्थानाला भरपाई मिळेल, असा त्यांचा सारांश. खबर देणाऱ्याला बक्षिसे होती. त्यामुळे झडत्या, खोट्या तक्रारी आणि रस्त्यावरच्या चकमकी सुरू झाल्या.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी मात्र असा करार केलाच नाही. उज्जैन आणि मंदसौर हे अफूचे मोठे बाजार त्यांच्याकडे होते. मार्च १८२७ मध्ये दौलतराव शिंदे वारल्यावर कारभार बायजाबाईंच्या हाती आला. पैशाच्या व्यवहारात त्या स्वतः मुरलेल्या होत्या आणि दरबाराच्या सावकारांचे हितसंबंध या धंद्यात गुंतलेले होते. नकाशावर पाहिले तर शिंदे, होळकर, देवास, धार, जावरा, कोटा यांचे महाल एकमेकांत असे गुंतलेले, की एका हद्दीतला माल रातोरात दुसऱ्या हद्दीत जाई. एक दरबार बाहेर राहिला की इतरांच्या करारांना अर्थ उरत नव्हता.

आणि वाट? गुजरातकडची वाट कंपनीने आवळली, तशी व्यापाऱ्यांनी भलतीच लांबची वाट धरली. उंटांचे तांडे माळव्यातून मेवाडमार्गे मारवाडातील पालीला जात, तेथून जैसलमेर, मग थरचे वाळवंट ओलांडून तालपूर मीरांच्या सिंधमध्ये कराचीला, आणि कराचीहून गलबतांनी पुन्हा दक्षिणेला दमणला. इंदूरहून दमण सरळ वाटेने किती जवळ आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वळशाची लांबी सांगायला नको. इतका खर्च करूनही धंदा परवडत होता, यावरून कॅंटनच्या नफ्याची कल्पना येते. या कराची-दमण मार्गाने दरसाल हजारो पेट्या गेल्या. एका पेटीत साधारण साठ-पासष्ट किलो माल असे.

सर जॉन माल्कम यांना माळव्याची खडान्‌खडा माहिती होती. १८२७ मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले. हे निर्बंध चालवणे अशक्य आहे आणि त्यांनी संस्थाने नाराज होत आहेत, हे त्यांचे मत होते. बेंटिंकच्या सरकारने अखेर करार मागे घेतले आणि १८३०-३१ मध्ये परवान्याची पद्धत आणली. पेटीमागे १७५ रुपये भरा, परवाना घ्या आणि सरळ मुंबईला माल न्या. कराचीच्या वाटेशी स्पर्धा करता यावी म्हणून १८३५ मध्ये हा दर १२५ रुपयांवर उतरवावा लागला. सरकार व्यापाऱ्याशी भावाची घासाघीस करत होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पुढे १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेले, दुसरी वाट बंद झाली आणि मग दराला पाय फुटले : त्याच वर्षी २००, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४०० आणि १८६१ पर्यंत ७०० रुपये. सिंध जिंकण्यामागे कारणे अनेक होती. परंतु त्या विजयाचा हिशेब मांडताना पेटीमागचे हे आकडे बाजूला ठेवता येत नाहीत.

या निर्णयाचा परिणाम कॅंटनवर झाला, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतील कथेत नेमका हाच दुवा गळलेला असतो. माळव्याचा माल खुला होताच स्पर्धेत मागे पडू नये म्हणून कंपनीने बंगालमधील लागवडही वाढवली. टंचाईचे धोरण संपले आणि जास्तीत जास्त माल खपवण्याचे धोरण सुरू झाले. १८२० च्या सुमारास चीनला दरसाल चार-पाच हजार पेट्या जात होत्या. १८३०-३१ मध्ये त्या अठरा-एकोणीस हजारांवर गेल्या आणि १८३८-३९ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास पोहोचल्या. यात माळव्याचा वाटा फार मोठा होता. दरम्यान १८३४ मध्ये चीनच्या व्यापारावरील कंपनीचा मक्ताही संपला आणि लिंतिन बेटाजवळ नांगरलेल्या जहाजांभोवती खासगी व्यापाऱ्यांची गर्दी झाली. चीनमधून चांदीचा ओघ उलटा वाहू लागला. चांदी महागली. तेथील शेतकरी तांब्याच्या नाण्यांत कमावी, पण सारा चांदीच्या हिशेबाने भरी. त्याच्यावरचा बोजा न वाढवता वाढला. व्यसनाइतकीच ही गोष्ट पेकिंगच्या दरबाराला झोंबली.

दरबारात मतभेद होते. १८३६ मध्ये श्यू नाय-ची याने अफूला परवानगी देऊन तिच्यावर कर घ्यावा, असा अर्ज केला. माळव्यात बेंटिंकने जे केले होते तेच तो सुचवत होता. १८३८ मध्ये ह्वांग च्युए-त्सने उलट, ओढणाऱ्यालाही देहान्त शिक्षा द्यावी, असे मांडले. सम्राट दाओग्वांगने कडक मार्ग धरला. मार्च १८३९ मध्ये लिन कॅंटनला आला आणि इंग्रज प्रतिनिधी चार्ल्स एलियटने व्यापाऱ्यांचा माल ब्रिटिश सरकारच्या नावाने गोळा करून २०,२८३ पेट्या स्वाधीन केल्या. सरकारचे नाव मध्ये आले आणि तस्करांच्या नुकसानीचे रूपांतर राष्ट्राच्या अपमानात झाले. एप्रिल १८४० मध्ये ब्रिटिश कॉमन्स सभेत सरकारविरोधी ठराव २६२ विरुद्ध २७१, म्हणजे केवळ नऊ मतांनी फेटाळला गेला. तरुण ग्लॅडस्टन युद्धाच्या विरोधात बोलले होते.

नानकिंगच्या तहाने चीनने दोन कोटी दहा लाख डॉलर देण्याचे कबूल केले. त्यांतले साठ लाख नष्ट झालेल्या अफूचे होते. पाच बंदरे उघडली, हाँगकाँग गेले, हाँग व्यापाऱ्यांचा मक्ता मोडला आणि आपले जकातीचे दर आपण ठरवण्याचा चीनचा अधिकार आखडला. अफूच्या पुढील व्यापाराबद्दल तहात एक अक्षर नाही. ती १८५८ मध्ये, दुसऱ्या युद्धाच्या दडपणाखाली, पेटीमागे तीस तेल चांदीच्या जकातीने कायदेशीर झाली. 'मुक्त व्यापार' हा शब्द या प्रकरणाला लावणाऱ्यांनी दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. बंगालमध्ये कंपनीखेरीज दुसऱ्याला अफू विकणारा शेतकरी गुन्हेगार ठरत होता, आणि कॅंटनमध्ये तीच अफू अडवणारा अधिकारी व्यापाराचा शत्रू ठरत होता.

आता मुंबई. माळव्याच्या अफूने ज्या पेढ्या उभ्या राहिल्या, त्यांत जमशेटजी जीजीभॉय यांची पेढी अग्रगण्य होती. तिचे भागीदार पाहण्यासारखे आहेत. जमशेटजी स्वतः पारशी, मोतीचंद अमीचंद जैन, रोजेरियो द फारिया गोव्याचे ख्रिस्ती, आणि महंमद अली रोगे कोकणी मुसलमान. चार धर्मांची चार माणसे एका व्यवसायात होती आणि प्रत्येकाचा स्वतंत्र उपयोग होता. फारियांचे संबंध दमण आणि मकावपर्यंत होते. गोव्याचे पहिले गोमंतकीय प्रीफेक्ट बेर्नार्दो पेरेस द सिल्वा यांना १८३५ मध्ये पद सोडावे लागले, तेव्हा फारिया त्यांच्या पाठीशी उभे राहिले. रोगे घराणे नाखुदांचे, म्हणजे जहाजे बाळगणारे. कोकणी मुसलमानांचे समुद्राचे ज्ञान आणि जहाजांवरील भांडवल या भागीदारीत आले. १८३९ च्या जप्तीचा फटका मुंबईला जबर बसला. भरपाई मिळाली ती मागणीपेक्षा कितीतरी कमी आणि उशिरा.

याच धनातून मुंबईची मोठी सार्वजनिक कामे झाली, हे सर्वज्ञात आहे. जे. जे. रुग्णालय आणि १८५७ चे कलाविद्यालय जमशेटजींच्या नावाने चालते. मुस्लिम शिक्षणाच्या इतिहासातही हा धागा आहे. १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, तेव्हा बद्रुद्दीन व कमरुद्दीन तय्यबजी आणि मुन्शी गुलाम महंमद यांच्याबरोबर नाखुदा महंमद अली रोगे हे नाव येते. हे रोगे त्याच घराण्यातील पुढच्या पिढीचे. घराण्याची संपत्ती केवळ अफूची नव्हती. जहाजवाहतूक, कापूस आणि इतर मालही तिच्यामागे होता. तरीही चीनच्या व्यापाराने या घराण्याला जी पत मिळाली ती वगळून पुढचे दातृत्व सांगणे हा अर्धवट इतिहास होईल. शैक्षणिक संस्थांच्या स्मरणिकांमध्ये देणगीदारांची नावे असतात, देणगीच्या मागचा बाजार नसतो. त्या बाजाराची नोंद झाल्याने देणगीदार लहान होत नाही. नशा हराम मानणाऱ्या समाजात ती नोंद करणे अवघड जाते, एवढेच.

अमर फारुकी यांच्या १९९८ मधील 'स्मगलिंग ॲज सबव्हर्शन' या ग्रंथाने माळव्याच्या व्यापाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कंपनीची मक्तेदारी मोडणारी ही तस्करी म्हणजे देशी भांडवलाने वसाहतवादाला दिलेले आव्हान होते आणि पश्चिम हिंदुस्थानातील भांडवल त्यामुळे टिकले, ही त्यांची मांडणी वजनदार आहे. बंगालमध्ये सारा नफा सरकारने घेतला, माळव्यात तो पेढ्यांकडे राहिला, आणि मुंबईच्या उद्योगधंद्यांच्या पायात तो गेला, हे मान्य करावे लागते. मात्र या आव्हानाचे बिल कोणी भरले, हा प्रश्न शिल्लक राहतो. ते फुकियेन-क्वांगतुंगच्या ओढणाऱ्याने भरले, आणि काही अंशी माळव्याच्या त्या शेतकऱ्यानेही, ज्याचा चीक उभ्या पिकावरच सावकाराकडे गहाण असे. शिंदे दरबाराने करार नाकारला याचा अभिमान बाळगायचा तर नाकारण्यामागे सावकारांचे येणे होते, हेही वर्गात सांगावे लागेल.

शेवट चिनी शेतकऱ्यानेच केला. १८५८ नंतर युनान आणि सच्वान प्रांतांत खसखस मुबलक पिकू लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस देशी मालाने हिंदी मालाला मागे टाकले. १९०७ मध्ये ब्रिटन आणि चीन यांच्यात दहा वर्षांचा करार झाला : चीनने आपली लागवड कमी करावी आणि हिंदुस्थानने निर्यात दरसाल एक दशांशाने घटवावी. मुदत पुरी होण्याआधीच, १९१३ मध्ये, चीनसाठीची विक्री थांबली. बंगालचे नुकसान हिंदुस्थान सरकारचे होते. माळव्यात ते संस्थाने, सावकार आणि शेतकरी यांच्यात वाटले गेले आणि वाटणी अर्थातच सारखी झाली नाही. माल घटत गेला तसा उरलेल्या पेट्यांचा भाव कडाडला. इंदूरच्या सट्ट्यात त्या तीन-चार वर्षांत शेठ हुकुमचंद यांच्यासारख्यांनी अमाप पैसा केला आणि तो कापसाच्या व तागाच्या गिरण्यांत घातला. मंदसौर, नीमच आणि रतलाम जिल्ह्यांत खसखस आजही पिकते. परवाना केंद्र सरकारचा असतो, भाव सरकार ठरवते, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून औषधे तयार होतात.